लिओ फेंडर : एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत संतांची, दिवंगत धर्मगुरूंची व आपल्या उपकारकर्त्यांची चरित्रे असावीत हे यथायोग्यच आहे. त्यांच्या पंक्तीस कॅलिफोर्नियातील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला आम्ही का बसवीत आहोत, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील. लिओ फेंडर हे संत नव्हते, आणि त्यांस त्या मालिकेत गुंफण्याचा आमचा मानसही नाही. परंतु गेली कित्येक वर्षे दर रविवारच्या मिस्सेच्या वेळी आपल्या कानी जो गिटारीचा नाद पडत आला, त्याचे उगमस्थान ह्या गृहस्थाच्या मेजावर आहे. आणि त्यांची आठवण करण्याचे निमित्त ज्युबिलीच्या तयारीतच घडून आले.

गायकवृंदाच्या सज्जात काळ्या कातडी कापडाने मढविलेली एक जड पेटी आहे, ती सर्वांच्या पाहण्यातली आहे. जहाजावर नोकरीस असलेल्या आपल्या एका धर्मबंधूने ती परदेशाहून आणून देवळास अर्पण केली. ती फेंडर कंपनीची, डिलक्स रिव्हर्ब नावाची, व्हाल्व्हवर चालणारी ॲम्प्लिफायरची पेटी होय. ज्युबिलीच्या आधी सज्जाची साफसफाई निघाली तेव्हा ती भंगारात घालावी की दुरुस्त करावी, असा वाद पडला. निकाल लागण्यापूर्वी ती एकदा उघडून तरी पाहावी, म्हणून आम्ही ती उघडली. आत, लाकडी भिंतीवर, कोणत्या खोबणीत कोणता व्हाल्व्ह बसवावा हे दाखविणारा एक छापील कागद चिकटविलेला होता, व त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का होता : एन् आणि के. ह्या कारखान्याच्या रीतीप्रमाणे पहिले अक्षर सालाचे व दुसरे महिन्याचे. १९५१ पासून मोजत आले म्हणजे एन् हे १९६४ साल येते, व के हा अकरावा महिना. तारांच्या बाजूस कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा होता, आणि त्यावर शाईने एका बाईचे नाव लिहिलेले होते : लुपे. तारा झाळणाऱ्या बाया आपले काम कोणाचे हे ओळखू यावे म्हणून असे नाव लावीत असत. साठ वर्षे ते नाव अंधारात बसून होते. ते वाचल्यावर पेटी भंगारात घालण्याची भाषा आमच्याने पुन्हा बोलवली नाही.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ह्यांचा जन्म दिनांक १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, ॲनाहाईम व फुलर्टन ह्या दोन गावांच्या मधल्या भागात झाला. आईबापांची संत्र्यांची बाग होती. घर अजून बांधून झाले नव्हते, म्हणून मूल जन्मले ते कोठारात. (कोठारातील जन्म म्हटल्यावर आपल्या वाचकांस जी तुलना सुचेल, ती त्यांनी मनातच ठेवावी, लिओ हे अत्यंत संकोची गृहस्थ होते.) वयाच्या आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला, व त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. पुढे महायुद्धाच्या काळात ह्याच कारणाने त्यांस सैन्यात जावे लागले नाही, व ती वर्षे त्यांनी आपल्या दुकानात काढली.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या मामांनी त्यास एक खोके धाडले. मामा सान्ता मारिया गावी मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवीत; खोक्यात होते ते टाकाऊ रेडिओचे भाग व एक बॅटरी. दुसऱ्या वर्षी मुलगा मामांकडे गेला, तो दुकानाच्या तोंडाशी मामांनी सुट्या भागांतून जुळविलेला एक रेडिओ मोठ्याने गात होता. त्या आवाजाने त्याच्या मनाची जी पकड घेतली, ती मरेपर्यंत सुटली नाही. घरी परतल्यावर त्याने शेजाऱ्यांचे व शाळासोबत्यांचे रेडिओ दुरुस्त करण्यास आरंभ केला. ह्या विद्येचे शिक्षण त्याने कोणत्याही शाळेत घेतले नाही. कॉलेजात त्याने जे शिकून घेतले ते जमाखर्चाचे काम. लहानपणी काही दिवस पियानो व पुढे सॅक्सोफोन वाजवून पाहिला, पण तोही मागे पडला. गिटार तर त्यांस जन्मभर वाजविता आली नाही. तिच्या खुंट्या पिळून सूर लावणे देखील त्यांस साधत नसे. ज्या मनुष्याने जगातील गिटारीचे रूप पालटले, त्यास हाती घेतलेल्या गिटारीचे सूर लावून घेण्याकरिता दुसऱ्या कोणास तरी हाक मारावी लागे, ही गोष्ट आम्हांस प्रथम खरी वाटली नाही. विचार करता मात्र असे दिसते की, ह्याच उणिवेने त्यांचे कल्याण केले. स्वतःस वाजविता येत नसल्यामुळे जो वाजवितो त्याचे म्हणणे निमूटपणे ऐकून घेण्याची सवय त्यांस लागली.

कॉलेजनंतर त्यांनी बर्फाच्या एका कारखान्यात काम केले. मग सरकारी रस्तेखात्यात हिशेबनीस झाले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की ह्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. तो काळ अमेरिकेत महामंदीचा होता. रस्तेखात्यातील जागा गेली. त्यानंतर धरलेली टायरच्या कंपनीतील नोकरी सहा महिन्यांत सुटली. हिशेबनिसाचे हिशेब असे दोनदा चुकल्यावर १९३८ साली त्यांनी सहाशे डॉलर उसने घेतले व फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. एस्थरबाई टेलिफोन कंपनीत नोकरी करीत. ती नोकरी त्यांनी पुढे कित्येक वर्षे सोडली नाही, आणि कारखान्याच्या पहिल्या हलाखीच्या दिवसांत मजुरांचा पगार भागविण्यास त्यांचाच पैसा उपयोगी पडला. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा बायकांना एक ओळ मिळते. आम्हीही दोनच देत आहोत, ह्याची आम्हांस जाणीव आहे.

दुकानात लोक नादुरुस्त रेडिओ, तबकड्यांची यंत्रे व सभेचे ध्वनिक्षेपक घेऊन येत. गावोगावच्या नाचाच्या मेळ्यांतले वादकही येऊ लागले. त्यांच्या तक्रारी निराळ्या असत. कोणाची गिटार वीज लावली की घुमू लागे, कोणाचा ॲम्प्लिफायर मोटारीतून नेताना हादऱ्यांनी खिळखिळा होई, कोणाच्या यंत्राचा आवाज मोठा केला की फाटे. दुसऱ्यांनी बनविलेल्या वस्तू कोठे व का मोडतात, ह्याचे जे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्यास होते ते बनविणाऱ्यास क्वचितच होते. लिओ ह्यांच्या पुढील सर्व यशाचे मूळ आमच्या मते ह्या दहाबारा वर्षांत आहे. त्यांनी नवे शोधून काढले असे म्हणण्यापेक्षा, रोज जे मोडून दारी येई ते पुन्हा मोडू नये अशी तजवीज केली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

युद्धकाळात त्यांनी डॉक कॉफमन नावाच्या वादकाशी भागीदारी करून मांडीवर ठेवून वाजवावयाच्या गिटारी व त्यांच्यासोबतचे लहान ॲम्प्लिफायर बनविण्यास प्रारंभ केला. तारांवरून पोलादी कांब सरकवून वाजविण्याची ही तऱ्हा हवाई बेटांतली. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून हवाइयन गिटार म्हणून तिचा लांबट, रडवा सूर आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानांस परिचित झालेला आहे. १९४६ साली कॉफमन कर्जाच्या भीतीने बाजूस झाले. लिओ ह्यांनी फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी ह्या नावाने धंदा पुढे चालविला. पत्र्याच्या दोन खोपट्यांत कारखाना होता, व त्यात शौचालय नसल्याने कामगारांना जवळच्या रेल्वे स्टेशनावर जावे लागे.

ह्यापुढील गोष्ट समजण्यास थोडी यंत्राची माहिती दिली पाहिजे. जुनी गिटार आतून पोकळ असते. सतारीचा भोपळा जसा नाद वाढवितो तशी तिची पेटी नाद वाढविते. परंतु तिच्यात विजेचा पिकप बसवून आवाज मोठा केला, की स्पीकरमधून निघालेला नाद त्या पोकळ पेटीस पुन्हा हलवितो, तो पुन्हा पिकपात शिरतो, आणि सर्व यंत्र शीळ घालू लागते. पेटी भरीव लाकडाची केली तर हा उपद्रव जवळजवळ नाहीसा होतो. भरीव गिटार पूर्वी इतरांनीही बनवून पाहिली होती. लिओ ह्यांनी ती अशी बनविली की साधा कामगार ती कारखान्यात जुळवू शकेल व साधा दुरुस्तीवाला ती उघडू शकेल. १९५० साली त्यांची एस्क्वायर व ब्रॉडकास्टर ही वाद्ये निघाली. ढोल बनविणाऱ्या एका जुन्या कंपनीचे त्याच उच्चाराचे नाव असल्याने दुसरे नाव मागे घ्यावे लागले, आणि मालाच्या विक्रीचे काम पाहणारे डॉन रँडल ह्यांनी त्या काळी नव्या निघालेल्या टेलिव्हिजनवरून त्या गिटारीस टेलिकास्टर हे नाव दिले. मधल्या काही महिन्यांत नावाचा शेवटला भाग कात्रीने कापून माल पाठविण्यात आला. त्या बिननावी गिटारी आज संग्राहकांत फार मोलाच्या समजल्या जातात, हा दैवाचा एक विनोदच म्हणावयाचा.

पूर्वीच्या गिटारीची मान सरसाने पेटीस कायमची चिकटविलेली असे. ती वाकली, की कुशल सुताराकडे महिनाभर वाद्य ठेवावे लागे. लिओ ह्यांनी मेपल लाकडाची मान चार स्क्रूंनी पेटीस आवळली. जुन्या कारागिरांनी नाके मुरडली. परंतु मान बिघडली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवावी आणि त्याच रात्री वादकाने कामावर जावे, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात एक चूकही होती, आणि ती सांगितली पाहिजे. मेपलचे लाकूड इतके कठीण की त्याच्या आत पोलादी सळई घालण्याची गरज नाही, असे त्यांनी ठाम धरले होते. तारांच्या ताणाने पहिल्या माना वाकू लागल्या व माल परत येऊ लागला. रँडल ह्यांनी हट्ट धरला, तेव्हा लिओ ह्यांनी सळई घालण्याचे कबूल केले. मानेच्या पाठीमागून खाच पाडून सळई बसवावी व वर अक्रोडाच्या गडद लाकडाची पट्टी भरावी, ही युक्ती निघाली. ती काळसर पट्टी आज फेंडर गिटारीची शोभा मानली जाते. ती शोभा एका चुकीच्या दुरुस्तीतून आलेली आहे.

१९५१ साली त्यांनी मंद्र सुरांची विजेची गिटार काढली. तोवर तो सूर माणसाहून उंच अशा उभ्या वाद्यावर वाजविला जाई. ते मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे, व त्यावर पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागणे कठीण होते. ह्या नव्या वाद्याला पडदे होते, म्हणून त्याचे नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक, असे पडले. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर निघाली. टेलिकास्टरची चौकोनी कडा बरगडीत रुतते अशी वादकांची तक्रार होती, म्हणून तिची पाठ व कड शरीराच्या वळणाप्रमाणे तासून काढण्यात आली. आकृतीची रेखा फ्रेडी तावारेस ह्यांनी काढली. ते हवाईचे, स्वतः उत्तम वादक. तीन पिकप, आणि घोडी हलवून सूर कंपित करणारा एक दांडा, ही तिची वैशिष्ट्ये होत. पिकप म्हणजे सहा लहान लोहचुंबक, व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली, की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते.

ही वीज इतकी अल्प असते की तिने काहीच हलणार नाही. तिला बळ देण्याचे काम व्हाल्व्ह करतात. काचेच्या निर्वात नळीत एक तार तापून लाल होते. तिच्या उष्णतेने सुटलेले विद्युत्कण दुसऱ्या टोकाच्या धातूच्या पत्र्याकडे धाव घेतात. वाटेत एक जाळी असते. पिकपातून आलेली क्षीण वीज त्या जाळीस दिली, की ती द्वारपालाप्रमाणे त्या मोठ्या प्रवाहास कमीअधिक सोडते, आणि लहानाच्या इशाऱ्यावर मोठा नाचू लागतो. अशा यंत्रांचे नकाशे व्हाल्व्ह बनविणाऱ्या आर.सी.ए. कंपनीच्या माहितीपुस्तकांतून छापलेले असत. लिओ ह्यांनी आपले पहिले नमुने त्यांवरूनच उचलले, व वादकांच्या तक्रारींप्रमाणे ते पुनःपुन्हा सुधारले. १९५२ साली निघालेला बासमन नावाचा ॲम्प्लिफायर १९५८ पर्यंत इतका सुधारत गेला, की लंडनच्या जिम मार्शल ह्यांनी १९६२ साली आपले पहिले यंत्र बनविताना तोच नकाशा समोर ठेवला. तेव्हा विलायती गिटारींचा तो प्रसिद्ध गडगडाटही मुळात फुलर्टनचाच.

जुना फेंडर उघडून पाहणाऱ्यास सर्वांत आनंद होतो तो त्याच्या आतील व्यवस्थेचा. मागची फळी काढावी, वरचे चार स्क्रू सोडावे, की लोखंडी तबक हाती येते. कंडेन्सर व रेझिस्टन्स एका पुठ्ठ्यासारख्या पट्टीवर, पितळी छिद्रांत, ओळीने मांडलेले असतात, आणि बिघडलेला भाग इतरांस धक्का न लावता काढता येतो. ज्याने आयुष्याचा आरंभ दुसऱ्यांची गुंतागुंत सोडविण्यात घालविला, त्याने आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी दुरुस्तीवाल्यासाठी ही वाट मोकळी करून ठेवली. ह्याविषयी आम्ही ऐकीव बोलत नाही. आमच्या हाती झाळण्याची काडी होती. ते काम मात्र फुलर्टनच्या कामगारांचे, विशेषतः मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांचे. तारा त्यांनी जोडल्या, वेढे त्यांनी दिले. गिटारीच्या माना घासणारे तादेओ गोमेझ हे आपल्या नावाची आद्याक्षरे मानेच्या टोकास पेन्सिलीने लिहीत. मान सोडविल्याशिवाय ती दिसत नाहीत, व आज ज्यांच्याजवळ अशी मान आहे ते स्वतःस भाग्यवान समजतात.

लिओ स्वतः कारखान्यात सर्वांआधी येऊन सर्वांमागून जाणारे, खिशात पेने व लहान स्क्रूड्रायव्हर बाळगणारे, मितभाषी गृहस्थ होते. गाण्याच्या कार्यक्रमांस जात तेव्हा त्यांचे लक्ष गाण्याकडे कमी व पेटीकडे अधिक असे. वादन चालू असता मंचावर चढून ॲम्प्लिफायरची कळ फिरवू लागण्यासही ते कचरत नसत, असे त्यांच्या सोबत्यांनी नोंदविले आहे. डिक डेल नावाचा तरुण वादक १९६० च्या सुमारास इतक्या जोराने वाजवी की एकामागून एक स्पीकर फुटत. असे का व्हावे हे लिओ ह्यांस मेजाशी बसून कळेना. तेव्हा ते व तावारेस बाल्बोआ येथील नाचघरात गेले व हजारो तरुणांच्या गर्दीत मधोमध उभे राहिले. डेल ह्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, तेथे उभे राहिल्यावर त्यांस त्या मुलाचे म्हणणे कळले, आणि परत येऊन त्यांनी शोमन नावाचे अधिक बळकट यंत्र बनविले. तक्रार करणाऱ्यास वेड्यात न काढता त्याच्या जागी जाऊन उभे राहणे, हे त्यांच्या स्वभावाचे मर्म होय.

ज्या काळी फुलर्टनला ही यंत्रे घडत होती, त्याच काळी रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. पवित्र उपासनेविषयीचे तिचे शासन दिनांक ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यात नळ्यांच्या ऑर्गनचा मान अबाधित राखून, उपासनेस शोभतील अशी इतर वाद्ये स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मोकळीक दिली. त्या दारातून पुढे गिटार देवळात आली. ती योग्य की अयोग्य हा वाद आपल्या धर्मग्रामातही रंगला होता, व अजून काही ज्येष्ठांचा राग गेलेला नाही. ऑर्गनच्या पक्षाचे मन आम्ही जाणतो. त्यांचे म्हणणे आम्हांस अगदीच टाकाऊ वाटत नाही.

इतक्यात लिओ ह्यांच्यावर संकट आले. १९५५ च्या सुमारास त्यांच्या नाकाच्या पोकळ्यांत जंतूंचा दाह झाला होता. तो बरा होईना. वर्षानुवर्षे अंगात ठाण मांडून बसला व प्रकृती खंगत गेली. आपले दिवस भरत आले असा त्यांचा समज झाला. कारखान्यात तोवर पाचशेंहून अधिक माणसे कामास होती, आणि धन्यामागे त्यांचे काय होणार ही चिंता लागली. त्यांनी कारखाना प्रथम रँडल ह्यांस पंधरा लाख डॉलरला देऊ केला. रँडल ह्यांनी त्याऐवजी मोठे गिऱ्हाईक शोधले. दिनांक ५ जानेवारी १९६५ रोजी सी.बी.एस. ह्या रेडिओ व टेलिव्हिजनच्या कंपनीने तो एक कोटी तीस लाख डॉलरला विकत घेतला. त्यानंतर लिओ ह्यांनी वैद्य बदलला. नव्या वैद्याने जंतुघ्न औषधाची मोठी मात्रा दिली, आणि ते खडखडीत बरे झाले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मरणाच्या भीतीने ज्याने जन्माचे काम दुसऱ्यास विकले, त्यास मरण आले नाही. पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो जिवंत, धडधाकट व श्रीमंत राहिला, आणि त्याचे नाव मात्र दुसऱ्याच्या मालकीचे झाले. करारामुळे काही वर्षे त्यांस स्पर्धेचे वाद्य बनविता येत नव्हते. इकडे नव्या मालकांनी काटकसर व घाई आरंभिली, आणि वाद्यांचा दर्जा उतरत गेला. म्हणूनच १९६५ पूर्वीच्या फेंडर वाद्यांस वेगळा मान व वेगळे मोल आहे. सर्व दोष कंपनीच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. १९७१ च्या सुमारास मान तीन स्क्रूंवर आणून तिचा कल बदलण्याची जी सोय झाली व जिची पुढे निंदा झाली, तिच्यामागची कल्पना सल्लागार म्हणून काम करणाऱ्या लिओ ह्यांचीच होती.

स्वस्थ बसणे त्यांच्या कुंडलीत नव्हते. बंधन संपल्यावर जुन्या सोबत्यांनी काढलेल्या म्युझिक मॅन कंपनीत ते शिरले व १९७५ साली तिचे अध्यक्ष झाले. तेथे १९७६ साली स्टिंगरे नावाची मंद्र गिटार निघाली. पुढे तेथेही मतभेद झाले. १९७९ साली एस्थरबाई कर्करोगाने वारल्या. पंचेचाळीस वर्षांचा संसार संपला. पुढील वर्षी त्यांनी फिलिस ह्या बाईंशी विवाह केला, आणि सत्तरी ओलांडलेली असता जॉर्ज फुलर्टन ह्या जुन्या साथीदारासह जी अँड एल नावाचा तिसरा कारखाना उभा केला. तो ज्या रस्त्यावर होता त्यास गावाने फेंडर हेच नाव दिले होते. दारावर स्वतःचे नाव लावण्याची मुभा नसलेला मनुष्य स्वतःच्याच नावाच्या रस्त्याने रोज कामावर जात असे. १९८५ साली सी.बी.एस. कंपनीने फेंडरचा धंदा तेथील चालकांच्या व कामगारांच्या मंडळास विकला. लिओ त्यात परत गेले नाहीत. कंपवाताने हात थरथरू लागले, अर्धांगाचे लहान झटके येऊन गेले, तरी मेजाशी बसणे त्यांनी सोडले नाही. दिनांक २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले. सान्ता आना येथील दफनभूमीत एस्थरबाईंच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.

असो. आता आपल्या पेटीकडे वळू. ती नोव्हेंबर १९६४ ची, म्हणजे विक्रीच्या दोन महिने आधीची, लिओ मालक असतानाची आहे. ती अमेरिकेतील एकशेदहा-वीस व्होल्टच्या विजेची असल्याने तिला नेहमी एका जोडट्रान्सफॉर्मरवर चालवावे लागे. मागे एका सणाच्या घाईत कोणीतरी ती सरळ आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत खोचली. फ्यूजऐवजी आत तार गुंडाळलेली होती, म्हणून फ्यूज वाचला व ट्रान्सफॉर्मर जळला. ज्याने हे केले त्याची आम्ही चौकशी करीत नाही. तो अजून गायकवृंदात आहे. मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावरील एका वृद्ध कारागिराने जुन्याच पोलादी पट्ट्यांवर नवी वेटोळी चढवून दिली, आणि आता ती २३० व्होल्टवरच चालेल अशी केली. साठ वर्षांत सुकून गेलेले विजेच्या साठ्याचे कंडेन्सर आम्ही बदलले. ह्या कामात एक सूचना तरुणांनी लक्षात ठेवावी : वायर खोबणीतून काढली तरी ते कंडेन्सर चारशे व्होल्टांचा साठा धरून बसतात, व तो उतरविल्याशिवाय आत हात घालणाऱ्यास प्राणास मुकावे लागेल. तिसऱ्या तारेने पेटी जमिनीस जोडली आहे. लुपेची पट्टी होती तेथेच ठेवली आहे.

पेटीत नऊ व्हाल्व्ह लागतात. त्यांपैकी सहा चांगले निघाले. आता हवेत ते ६व्ही६ जातीचे दोन व १२एएक्स७ जातीचा एक. पहिली जात जुन्या रेडिओंत व ध्वनिक्षेपकांत सापडते. दुसऱ्या जातीसच ईसीसी८३ असेही म्हणतात, व बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी ती आपल्या देशात बनविली होती. ज्या धर्मबंधुभगिनींच्या माळ्यावर आजोबांचा बंद पडलेला रेडिओ असेल, त्यांनी तो भंगारवाल्यास देण्यापूर्वी ज्युबिलीच्या नोव्हेनाच्या पहिल्या दिवसापर्यंत देवळाच्या कार्यालयात आणून दाखवावा. व्हाल्व्ह आम्ही स्वतः काढून घेऊ, व रेडिओची पेटी परत करू.